पाच दिवसांत वीस दात

खालच्या पुढच्या दातांत रात्रीचा ठणका, एवढंच फोनवर नोंदवलेलं होतं. ती खुर्चीत बसली, तोंड उघडलं आणि आमच्या असिस्टंटने एकदा माझ्याकडे पाहिलं. वर दहा, खाली दहा. सगळे एका मापाचे, एका रंगाचे, वॉशबेसिनसारखे पांढरे. आणि त्यांच्या बुडाशी हिरडीची लाल, फुगलेली कड. वय एकतीस. दात बसवून चौदा महिने झालेले.

तिचं पहिलं वाक्य मी केसपेपरवर जसंच्या तसं लिहून ठेवलं आहे: "डॉक्टर, मी बाहेरून व्हेनियर करून आलेय." ते व्हेनियर नव्हते. विसाच्या वीस कॅप होत्या, म्हणजे पूर्ण क्राउन. हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

(ओळख पटेल असं काहीही इथे ठेवलेलं नाही. कोणता देश, कोणतं क्लिनिक हेही लिहीत नाही. त्याने मुद्द्यात काही फरक पडत नाही, आणि का पडत नाही ते पुढे येईलच.)

व्हेनियर म्हणजे नखावर चिकटवलेलं कृत्रिम नख. दाताच्या फक्त पुढच्या बाजूचा ०.३ ते ०.७ मिलिमीटर थर काढायचा, कधीकधी तोही नाही, आणि त्यावर पोर्सिलेनचा पातळ पापुद्रा चिकटवायचा. क्राउन म्हणजे अंगुस्तान. ते बोटावर चढवायचं तर बोटच आधी चहूबाजूंनी तासून बारीक करावं लागतं: कडेने एक ते दीड मिलिमीटर, वरून दीड ते दोन. एडेलहॉफ आणि सोरेन्सन या दोघांनी २००२ साली पुढच्या दातांवर हे चक्क वजन करून मोजलं. व्हेनियरसाठी दाताच्या दिसणाऱ्या भागापैकी ३ ते ३० टक्के जातं. पूर्ण क्राउनसाठी ६३ ते ७२ टक्के. बोलताना 'दात थोडे घासतात' हे दोन्हींना म्हटलं जातं.

आधीचा फोटो

पहिल्या भेटीत मी तिच्याकडे एकच गोष्ट मागितली, आधीचा फोटो. फोनमध्ये होता. अशा फोटोंकडे मी जरा जास्तच वेळ पाहते, कारण उपचार बरोबर होता की चूक याचा निकाल बहुतेक वेळा तिथेच लागतो.

फोटोतले दात चांगले होते. वरचा उजवा मधला पटाशीचा दात, आमच्या आकड्यांत ११ नंबर (पहिला आकडा तोंडाचा कोपरा: १ वर उजवीकडे, २ वर डावीकडे, ३ खाली डावीकडे, ४ खाली उजवीकडे; दुसरा आकडा मधून मोजत कितवा दात), त्याचा एक कोपरा किंचित उडालेला. डावीकडचा, मधल्याच्या शेजारचा २२, थोडा फिरलेला. खाली जराशी दाटी, ३१ एखादा मिलिमीटर मागे सरकलेला. रंग पिवळसर, म्हणजे दाताचा असतो तसा. कीड नाही. पूर्ण तोंडात एकच जुनं फिलिंग, तेही मागच्या दाढेत. हिरड्या गुलाबी आणि घट्ट.

सुदैवाने तिथे गेल्यावर पहिल्याच दिवशी काढलेला ओपीजी, म्हणजे सगळ्या दातांचा एकत्र एक्सरे, तिने फोनवर मागून घेतला होता. त्यात एकाही मुळाच्या टोकाशी काळा डाग नव्हता. हा एक्सरे पुढे फार कामाला आला. चौदा महिन्यांनंतर जे दिसलं ते आधीपासून होतं की नंतर आलं, हा वाद त्यामुळे उरलाच नाही. बाहेर उपचार करून घेणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगत असते: हसू नंतर मागा, आधीचा एक्सरे आधी मागा.

या तोंडासाठी काय करायला हवं होतं? २२ आणि ३१ जागेवर आणायला अलाइनर, म्हणजे दात हळूहळू सरकवणारे पारदर्शक साचे, काही महिने. मग घरी वापरायच्या ट्रेमधून ब्लीचिंग, १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड, रात्री लावून झोपायचं, दोन-तीन आठवडे. त्यानंतर दोन आठवडे थांबायचं, कारण ब्लीचिंगनंतर दातात राहिलेला ऑक्सिजन निघून गेल्याशिवाय काहीही नीट चिकटत नाही. मग ११ चा उडालेला कोपरा कंपोझिटने, म्हणजे दाताच्या रंगाच्या भरणाने, एका बैठकीत. ड्रिल जवळजवळ नाहीच. सगळं मिळून सात-आठ महिने.

तिच्याकडे सुट्टी होती आठ दिवसांची.

चॅट

तिने मला सगळं चॅट वाचायला दिलं. मी ते दोनदा वाचलं. समोरची व्यक्ती अत्यंत गोड बोलणारी, तत्पर, रात्री अकरालाही उत्तर देणारी, आणि दंतवैद्य नाही. पदाचं नाव 'पेशंट कोऑर्डिनेटर'. तिसऱ्याच मेसेजला तिने विमानाच्या तारखा विचारल्या होत्या. कुठला दात दुखतो का, आधी काही उपचार झालेत का, झोपेत दात खाता का, हे प्रश्न शेवटपर्यंत आलेच नाहीत. सेल्फीवरून प्लॅन तयार झाला: 'वर दहा, खाली दहा, हॉलिवुड स्माइल.'

('हॉलिवुड स्माइल' या शब्दाला इतिहास आहे आणि तो मजेशीर आहे. चार्ल्स पिंकस नावाचे कॅलिफोर्नियातले दंतवैद्य १९२८ च्या सुमारास नटनट्यांच्या दातांवर शूटिंगपुरते पातळ मुखवटे लावायचे, कवळीच्या पावडरीने चिकटवून. शूटिंग संपलं की काढायचे, कारण कायमचं चिकटवायला काही नव्हतंच. १९५५ मध्ये बुओनोकोर यांनी दाताचा पृष्ठभाग आम्लाने खरखरीत करून त्यावर प्लॅस्टिक धरून ठेवता येतं हे दाखवलं. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला पोर्सिलेनलाही तसंच खरखरीत करणं जमलं, आणि तेव्हा कुठे आजचा व्हेनियर जन्माला आला. म्हणजे मूळचं हॉलिवुड स्माइल संध्याकाळी काढून डबीत ठेवता येत होतं.)

चॅटमध्ये शब्द 'व्हेनियर' आहे. तिथे पोचल्यावर सही केलेल्या संमतीपत्रात 'क्राउन' आहे. बिलावर 'झिर्कोनियम, २० नग'. झिर्कोनियम हा धातू. दातात बसवतात ते झिर्कोनिया, त्याचं ऑक्साइड. बिलावरची ही चूक मी इतक्या वेळा पाहिली आहे की आता तिच्यावरून काही निष्कर्ष काढत नाही. पण चॅटमधला शब्द आणि कागदावरचा शब्द वेगळा असणं ही चूक मी त्या खात्यात टाकणार नाही. संमतीपत्र तिच्या भाषेत नव्हतं. सही केली तेव्हा खुर्चीचा बिब गळ्यात अडकवलेला होता.

पुढचं तिच्याच आठवणीतून. पहिला दिवस: ओपीजी, स्कॅन, रंगाची पट्टी. पट्टीवरचा सगळ्यात पांढरा रंग तिने निवडला, कारण कोऑर्डिनेटर म्हणाली की सगळे तोच घेतात. दुपारी भूल. वरच्या दातांना एक डॉक्टर, खालच्यांना दुसरे, मध्ये जेवायला थोडी सुट्टी, संध्याकाळपर्यंत वीसही दात तासून झाले आणि प्लॅस्टिकचे तात्पुरते बसले. दुसरा-तिसरा दिवस समुद्रकिनारा. चौथ्या दिवशी ट्रायल, परत भूल देऊन. पाचव्या दिवशी सिमेंट. सहाव्या दिवशी विमान.

चौथ्या दिवशीची ती भूल माझ्या डोक्यातून जात नाही. दातावर दात नीट बसतोय की नाही हे पाहायला रंगीत कागद चावायला देतात, पण खरा निवाडा पेशंटच करतो: 'डॉक्टर, इथे आधी लागतंय.' केसाच्या जाडीएवढा उंचवटा माणसाला जाणवतो. तोंड बधिर असेल तर दोन्ही बाजू सारख्याच वाटतात. तिला विचारलं गेलं होतं, "कम्फर्टेबल?" तिने मान डोलावली होती. डोलावणारच.

काय ठरवलं, कुणी ठरवलं

अशी केस आली की समव्यवसायी लगेच म्हणतात, तिकडचे डॉक्टर कच्चे. मला तसं वाटत नाही. एका दिवसात वीस दात इतक्या सारख्या उंचीचे तासणं हे कच्च्या हाताचं काम नव्हे. तासलेल्या दातांचा आकार मी नंतर पाहिला; हात सफाईचा होता. उपचाराची निवड मात्र त्या हाताने केली नव्हती. ती परतीच्या तिकिटाने केली होती.

पाच दिवसांत काय बसतं ते पाहा. अलाइनर बसत नाही. ब्लीचिंग आणि त्यानंतरची थांबायची मुदत बसत नाही. खरा व्हेनियर कसाबसा बसतो, पण तो नखरेल असतो: आधी मेणाचा नमुना, तो तोंडात लावून काही दिवस बोलून-खाऊन पाहणं, मग जेमतेम तासणं, आणि चिकटवताना एकेक दात थुंकीपासून कोरडा ठेवून अर्धा-अर्धा तास. त्यातून फिरलेला २२ किंवा मागे गेलेला ३१ व्हेनियरने सरळ दाखवणं कठीण. क्राउन मात्र सगळं झाकतो. वाकडा, पिवळा, तुटका, काहीही असो, चहूबाजूंनी तासा आणि वर टोपी घाला. दुपारी स्कॅन, कॉम्प्युटरवर डिझाइन, यंत्राने कोरून रात्रभर भट्टीत, परवा हजर. भट्टीतून निघालेल्या झिर्कोनियाची ताकद ९०० ते १२०० मेगापास्कलच्या घरात असते, तेव्हा बसवताना तुटायची भीती नाही. घाईला सगळ्यात जास्त सांभाळून घेणारा उपचार क्राउन आहे, आणि दाताचं सगळ्यात जास्त नेणाराही तोच.

तपासणी

ठणका ३१ चा होता. एक्सरेत मुळाच्या टोकाशी वाटाण्याएवढा काळा डाग. चौदा महिन्यांपूर्वीच्या ओपीजीत तिथे स्वच्छ हाड. नस मेली होती आणि टोकाशी पू जमत होता.

३१ आणि ४१ च्या कॅप एकमेकींना जोडलेल्या होत्या. फ्लॉस वरून आत जाईना. कडेने घालायचा प्रयत्न केला तर तुकडे होऊन बाहेर आला. चौदा महिने त्या फटीत ब्रश गेला नव्हता, फ्लॉस गेला नव्हता, गेले होते ते फक्त जंतू. वास सांगण्यासारखा नाही.

वीसही कॅपच्या कडा हिरडीखाली एक ते दोन मिलिमीटर. कड लपली की फोटो छान येतो, हे खरं. पण हिरडी दाताला जिथे धरून असते तो पट्टा सरासरी दोनच मिलिमीटरचा असतो. १९६१ मध्ये गार्जुलो आणि सहकाऱ्यांनी मोजला तेव्हा २.०४ आला. कॅपची कड त्या पट्ट्यात घुसली की हिरडी ती खुपणारी वस्तू म्हणूनच वागवते. सुजते, रक्त सोडते, हळूहळू मागे हटते. तिला वाटत होतं आपण नीट घासत नाही. ती दिवसातून चार वेळा घासत होती.

४५ च्या मागच्या बाजूला प्रोब, म्हणजे तपासायची टोकदार सळई, अडकला. कड उघडी, आत मऊ, म्हणजे कीड सुरू. २४ वर पोर्सिलेनचा टवका उडालेला. चावताना डाव्या उपदाढा आधी टेकत होत्या, उजवीकडच्या दाढांत कागद घातला तर सुळकन निघून येत होता. सकाळी उठल्यावर जबडा भरून येतो का विचारलं. "रोज," ती म्हणाली, "पण त्याचा दातांशी काही संबंध असेल असं वाटलं नाही." झोपेत दात खायची सवय तिला आधीपासून होती. तिला हे कुणी विचारलं नव्हतं, एवढंच.

२१ थंडाला प्रतिसाद देईना. कॅप घातलेल्या दातावर ही चाचणी बेभरवशाची असते, म्हणून 'शंकास्पद' एवढंच लिहून ठेवलं.

साडेतीन मिलिमीटर

३१-४१ च्या कॅप कापून काढल्या. झिर्कोनिया कापणं हे हिऱ्याच्या बरचं, म्हणजे ड्रिलच्या हिरेजडित टोकाचं काम. पाणी जरा कमी पडलं की ठिणग्या दिसतात. एका जोडीला पाऊण तास गेला. कॅप दोन तुकड्यांत निघाली आणि खाली जे होतं ते मी आरशात तिला दाखवू का असं विचारलं. दाखवा म्हणाली.

खालचा मधला पटाशीचा दात हा तोंडातला सगळ्यात अरुंद दात. टोकाशी पाच मिलिमीटर, हिरडीजवळ मानेपाशी साडेतीन. आता दोन्ही कडांनी एकेक मिलिमीटर तासा. दीड उरतो. त्या दीडच्या आतच नस. तिने आरशात पाहिलेली ती खुंटी आगपेटीतल्या काडीपेक्षा किंचितच जाड होती, पिवळी आणि ओली.

नस का मेली याचं एकच कारण देता येत नाही. वीस दात एका बैठकीत तासताना उष्णता तयार होते. नसेतलं तापमान ५.५ अंश सेल्सियसने वाढलं तर काही नसा मरतात, हे झॅक आणि कोहेन यांनी १९६५ मध्ये माकडांच्या दातांवर दाखवलं होतं. त्यापेक्षा मोठं कारण म्हणजे उघडं पडलेलं डेंटिन. एनॅमलच्या आतला हा थर सूक्ष्म नळ्यांचा असतो, प्रत्येक नळी थेट नसेकडे जाणारी. नसेच्या जितकं जवळ तासावं तितक्या त्या रुंद आणि दाट होत जातात. जंतूंना रस्ता मिळतो. आणि एनॅमल परत उगवत नाही. ते तयार करणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येतानाच संपलेल्या असतात.

सगळं व्यवस्थित करूनही क्राउनखालच्या जिवंत नसा काही प्रमाणात मरतातच. हाँगकाँगमध्ये झालेल्या एका पाहणीत, जी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली, दहा वर्षांत अशा सुट्या क्राउनखालच्या साधारण १५ टक्के नसा गेलेल्या आढळल्या. मोडक्या, किडक्या दातासाठी हा धोका पत्करण्यात अर्थ आहे. तो दात नाहीतर जाणारच असतो. वीस निरोगी दातांना हाच हिशोब लावला तर तीन नसा. तीन रूट कॅनाल, ज्यांची गरज कधी पडणारच नव्हती. आणि ती एकतीस वर्षांची आहे. चांगला क्राउन साधारण दहा ते पंधरा वर्षं टिकतो. तिला ते आयुष्यात निदान तीनदा बदलावे लागतील, आणि दर वेळी खालचा दात थोडा आणखी कमी होईल.

हे मी तिला त्याच दिवशी सांगितलं नाही. दुसऱ्या भेटीत सांगितलं.

वीस परत करून देऊ

तिने क्लिनिकला मेल पाठवला होता. उत्तर एका दिवसात आलं, नम्र आणि उदार: पाच वर्षांची हमी आहे, या, वीसही क्राउन विनामूल्य नवीन करून देऊ. विमान आणि हॉटेल तुमचं.

"जाऊ का?" तिने विचारलं.

हमी खोटी नव्हती. ते खरंच करून देतील. पण हमी कॅपची होती. जुनी कॅप काढायची म्हणजे कापायची, कापताना खालचा दात थोडा जाणार, मग परत स्कॅनसाठी थोडा तासणार, परत पाच दिवस, परत बधिर तोंडाने मान डोलावणं. हमीपत्रात बारीक अक्षरांत आणखी एक कलम होतं: दरवर्षी तिथेच येऊन तपासणी केली नाही तर हमी रद्द. ती एकदाही गेली नव्हती, म्हणजे त्यांची इच्छा असती तर तेवढ्यावरच ते हात झटकू शकले असते. त्यांनी तसं केलं नाही, हे त्यांच्या बाजूने लिहिलं पाहिजे.

नस मेली याला हमीत जागा नव्हती. हिरडीला नव्हती.

तक्रार, भरपाई वगैरे? दावा जिथे उपचार झाले तिथल्या कायद्याने, तिथल्या कोर्टात, तिथल्या भाषेत. युरोपीय संघातल्या नागरिकांना संघातल्याच दुसऱ्या देशात उपचार घेताना २०११ च्या एका निर्देशाचा थोडा आधार असतो. तिला तोही लागू नव्हता.

पायी परत जाता येत होतं तेव्हा

दातांसाठी सीमा ओलांडणं जुनं आहे. ऑस्ट्रियातली माणसं हंगेरीतल्या मोशोनमॉड्योरोवार या सीमेजवळच्या छोट्या शहरात वर्षानुवर्षं जात आली आहेत. त्या शहरात गल्लोगल्ली दंतवैद्य. मेक्सिकोतलं लॉस अल्गोदोनेस तर अमेरिकेच्या सीमेला इतकं लागून आहे की लोक गाडी पलीकडे उभी करून चालत जातात. गावाचं टोपणनावच 'मोलर सिटी', दाढांचं शहर. तिथेही वाईट काम होतच असेल. पण कॅप उंच वाटली तर माणूस पुढच्या मंगळवारी परत जातो, दोन मिनिटांत ती घासून घेतो आणि घरी येतो. विमानाने जाणाऱ्याला तो मंगळवार नसतो. अंतर वाढलं तशी उपचारातून सगळ्यात आधी ही दोन मिनिटं गळली.

म्हणून परदेशात जाऊच नका असं मी म्हणत नाही. बुडापेस्टहून इम्प्लांट करून आलेले दोन पेशंट मी पाहिले आहेत, आणि माझ्या क्लिनिकच्या कामापेक्षा ते काम उणं नव्हतं. फरक असा की त्यांना दोनदा जावं लागलं. पहिल्या फेरीत स्क्रू, मग हाड धरायला चार महिने, मग दुसऱ्या फेरीत दात. जीवशास्त्राने वेळ मागितली आणि क्लिनिकने ती दिली. सोबत एक्सरे, इम्प्लांटची कंपनी, मापं, सगळी फाइल. दात आधीच गेलेले होते, म्हणजे गमावण्यासारखं निरोगी काही नव्हतं. हा तिसरा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

ब्रिटिश डेंटल असोसिएशनने २०२२ मध्ये हजारभर दंतवैद्यांना विचारलं होतं. ९४ टक्क्यांनी परदेशात उपचार घेतलेले पेशंट तपासले होते आणि ८६ टक्क्यांनी त्यातल्या बिघडलेल्या केस हाताळल्या होत्या. आकडा मोठा आहे, पण वाचताना सावध राहावं. ज्यांचं सगळं छान चाललंय ते आमच्याकडे येतच नाहीत, आणि उत्तरं देणाऱ्यांचे पेशंट परदेशात जाताहेत, म्हणजे त्यांचाही यात हितसंबंध आहे. माझाही आहे. हे लिहिताना मला त्याची जाणीव आहे.

काय केलं

सात महिने, अकरा भेटी.

आधी हिरड्या. कडांभोवतीची साफसफाई, आणि फटींत घालायचे छोटे ब्रश वापरायला शिकवलं. ३१ चं रूट कॅनाल. ३२ ते ४२ अशा चार कॅप काढून तीन महिने तात्पुरत्या प्लॅस्टिकवर ठेवलं, कड हिरडीच्या वर आणली. आठवड्याभरात सूज ओसरायला लागली. हिरडी फार लवकर माफ करते. ४५ ची कीड काढून नवीन कॅप. दातांची बसणी तीन वेगवेगळ्या भेटींत, भुलीशिवाय, दर वेळी थोडी घासून दुरुस्त केली, आणि रात्री लावायचा गार्ड दिला. सकाळचा जबडा दुसऱ्या महिन्यात मोकळा झाला.

उरलेल्या पंधरा कॅपना हात लावला नाही. तिचा आग्रह होता की सगळ्याच काढा. हा आग्रह मला समजतो. फसलेल्या गोष्टीचं काहीच तोंडात ठेवावंसं वाटत नाही. पण जी कॅप गळत नाही, दुखत नाही, तिच्याखालचा दात मला आणखी कापायचा नव्हता. यावर आमचं बरंच बोलणं झालं. दोन भेटी ती नाराज होती.

खालच्या चार नव्या कॅपचं डिझाइन लॅबला पाठवलं तेव्हा तिथल्या तंत्रज्ञाचा फोन आला. "मॅडम, एकतीस नंबर मागे ठेवलाय तुम्ही. सरळ रेषेत आणू?"

नको म्हटलं. ३१ चं मूळ मुळात मागे आहे. त्याला सरळ रेषेत दाखवायचं तर पुढून पोर्सिलेनचा फुगवटा द्यावा लागतो. आधीच्या कॅपला तो दिलेला होता, त्याखाली हिरडीला श्वास घ्यायला जागा नव्हती. फोटोत होता तसाच, एक मिलिमीटर मागे ठेवा म्हटलं.

"आणि शेड?"

तिला आता नैसर्गिक रंग हवा होता. ए१, फार तर बी१. मी पट्टी तिच्या तोंडाजवळ धरून दोन्ही दाखवले. शेजारच्या सुळ्यांच्या आणि उपदाढांच्या पांढऱ्याजवळ ते चार दात डागाळल्यासारखे दिसत होते. तिने पट्टी स्वतःच्या हातात घेतली, खिडकीशी जाऊन आरशात पाहिलं आणि परत येऊन खुर्चीत बसली.

लॅबला बीएल१ कळवला, पट्टीवरचा सगळ्यात पांढरा.

२१ ने शेवटच्या भेटीतही थंडाला उत्तर दिलं नाही. एक्सरेत अजून काही नाही, दुखत नाही. सहा महिन्यांनी पुन्हा एक्सरे काढायचा आहे.